सही येणाऱ्या बाईंचा अंगठा : एका कुलमुखत्यारपत्राचं प्रकरण

(गाव, नात्यांचे काही तपशील आणि मिळकतीचं वर्णन बदललं आहे. घटनांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

मी तालुक्याच्या गावी वकिली करते आणि काही वर्षांपासून नोटरीचंही काम करते. तहसील कचेरीच्या भिंतीला लागून आमची टेबलं आहेत. एका बाजूला मुद्रांक विक्रेता, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, मधे आम्ही. दिवसभर येणारे कागद ठरलेले असतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. शिक्षणात खंड पडल्याचं ॲफिडेव्हिट. हरवलेल्या आरसी बुकाचं. आणि अर्थातच अकरा महिन्यांचे भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते नोंदवलेच पाहिजेत आणि ती जबाबदारी घरमालकाची असते, हे दर वेळी सांगावं लागतं. समोरचा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "ते कळलं मॅडम, पण सध्या नोटरी करून द्या."

"नोटरी करून द्या" या तीन शब्दांत आमच्या कामाबद्दलचा सगळा गैरसमज मावतो. लोकांना वाटतं, गोल शिक्का उमटला की कागद सरकारी झाला. १९५२ च्या नोटरी अधिनियमातलं कलम ८ आमची कामं सांगतं : दस्त करून दिल्याची खातरजमा करून तो साक्षांकित करणं, शपथ देणं, प्रतिज्ञापत्र घेणं, भाषांतर करणं आणि ते पडताळणं, हुंडी नाकारली गेली तर तशी नोंद करणं, वगैरे. त्यात कुठेही "मजकूर खरा असल्याची हमी देणं" नाही. मिळकत कुणाची, व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे आम्ही ठरवत नाही. आम्ही सांगतो ते एवढंच, की अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, त्याची ओळख मी पटवून घेतली, आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत सही केली.

एवढंच असलं तरी ते थोडं नाही. नोटरीसमोर करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, कोर्टात आलं, तर ते खरोखर त्याच माणसाने करून दिलं असं कोर्ट गृहीत धरतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे गृहीतक होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. म्हणजे माणूस समोर नसताना मी शिक्का मारला, तर "मी तिथे नव्हतेच" हे सिद्ध करायचं ओझं त्या न आलेल्या माणसावर जाऊन पडतं. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

कुटुंबाविषयी थोडं. बाई ८१ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली, त्यामुळे गावात त्यांना आडनावाने कुणी ओळखत नाही, सगळे 'बाई'च म्हणतात. नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली. थोरले चिरंजीव गावातच किराणा आणि बियाण्यांचं दुकान चालवतात आणि आई त्यांच्याकडे असते. मधले मस्कतला नोकरीला. धाकटी मुलगी मिरजेला दिलेली. बाईंच्या नावावर गावठाणालगत चार गुंठ्यांचा प्लॉट होता, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून १९८७ साली घेतलेला. म्हणजे स्वकष्टार्जित मिळकत. त्यावर बाईंच्या हयातीत तिन्ही मुलांपैकी कुणाचाही हक्क नाही. हे वाक्य मी पुढच्या पंधरा दिवसांत किती वेळा बोलले, त्याची गणती नाही.

अडचण

मार्च २०२५ चा तिसरा आठवडा. मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे जत्राच. १ एप्रिलला मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी बाजारमूल्याचे दर वाढतील या धास्तीने सगळ्यांना व्यवहार त्याआधी उरकायचे असतात, त्यात त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला आलेला. थोरले दुपारी बाराच्या सुमारास आले, हातात पाचशेच्या मुद्रांकावर टाइप केलेलं कुलमुखत्यारपत्र. (ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा कागद चालत नाही, हे कळायला गावाला चार महिने लागले.) बाईंचा फोटो चिकटवलेला, शेवटच्या पानावर डाव्या हाताचा अंगठा उठवलेला, खाली दोन साक्षीदार. दोघेही दुकानातलेच.

"मॅडम, फक्त शिक्का राहिलाय."

"बाई कुठे आहेत?"

"घरी. खुब्याचं हाड मोडलं जानेवारीत, ऑपरेशन झालं. उठवत नाही अजून."

मी ओळखपत्रांच्या प्रती चाळत होते. पॅन कार्डावर बाईंची सही होती. गोलसर, सुवाच्य, शाळेतल्या फळ्यावर शोभेल अशी. खाली पेन्शनच्या पासबुकाची प्रत, तिथेही तीच सही. आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा. आयुष्यभर हजेरीपटावर सही केलेल्या बाईचा अंगठा पाहून माझा हात थांबला. खरं सांगायचं तर बाई समोर नाहीत एवढ्यावरच तो थांबायला हवा होता. पण मार्चच्या गर्दीत माणूस समोर नसल्याचं आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की खटकायला आणखी काहीतरी लागतं. हे मी कबूल करते.

थोरल्यांकडे उत्तर तयार होतं आणि ते खोटं नव्हतं. दवाखान्यात उजव्या हाताला सलाइनची सुई असल्यामुळे संमतीच्या फॉर्मवर डाव्या अंगठ्याचे ठसे घेतले गेले. घरी आल्यावरही औषधांच्या गुंगीत सही नीट होईना, म्हणून बँकेच्या एका कागदावर अंगठा. मग हीच सवय पडली. "आईचाच अंगठा आहे मॅडम, देवाशपथ. मी काय परका आहे?"

कागद वाचला. प्लॉट विकणं, साठेखत (विक्रीआधीचा करार) करणं, खरेदीखत लिहून देणं, सब-रजिस्ट्रारसमोर (म्हणजे दुय्यम निबंधकासमोर) ते दाखल करणं आणि कबुली देणं, मोबदल्याची रक्कम स्वीकारून पावती देणं, असे सगळे अधिकार थोरल्यांना. इसार (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेला होता, चेक थोरल्यांच्या नावावर. खरेदीदाराचं बँकेचं कर्ज मंजूर झालेलं आणि त्याला पाडव्याच्या आत खरेदीखत हवं होतं. त्याच्या वकिलांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या : आईचं कुलमुखत्यारपत्र, आणि बाकीच्या दोन भावंडांची संमती. मधल्या भावाची संमती थोरल्यांच्या मोबाइलवर होती. मस्कतला कोऱ्या कागदावर लिहून, सही करून, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेली. तिचीही प्रिंट काढून "नोटरी" करायची होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा आणि बाजारात सगळ्यात रुळलेला : ओळखीवर शिक्का. थोरल्यांना मी वीस वर्षं ओळखते, बाईंना अख्खं गाव ओळखतं, अंगठा त्यांचाच असेल. एखाद्या वकिलाने "ओळख दिली" अशी सही ठोकली की कागद दिसायला पूर्ण. पण ओळख पटवणं आणि हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख देणारा माणूस समोरच्याची ओळख देतो, जो समोरच नाही त्याची काय देणार? शिवाय नोटरीच्या रजिस्टरात दस्त करून देणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा असतो. ती जागा मी कशी भरणार होते? गैरवर्तन सिद्ध झालं तर अधिनियमाच्या कलम १० खाली नाव यादीतून कमी होतं, ही भीती खरी आहेच. पण मला त्या क्षणी रजिस्टरातला तो कोरा रकाना जास्त अडचणीचा वाटला.

दुसरा पर्याय : नकार देऊन विषय संपवणं. कायद्याने पुरेसा. पण नकार ऐकलेला माणूस घरी जात नाही, पुढच्या टेबलावर जातो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्रात हजारोंच्या संख्येने नवे नोटरी नेमले. टेबलं वाढली, त्यामुळे "तिकडे करून मिळतं" हे वाक्यही वाढलं. नव्यांना नावं ठेवत नाही, जुन्यांतही असे कमी नव्हते.

तिसरा : मी बाईंच्या घरी जाऊन, त्यांची सही समोर घेऊन, तेच कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करणं. नोटरीने आपल्या कार्यक्षेत्रात पक्षकाराकडे जायला हरकत नाही, प्रवासखर्च घेता येतो, पावती द्यावी लागते. मला सुरुवातीला हाच मार्ग बरा वाटला होता. पण मग प्रश्न आला की त्या कागदाने काम होणार आहे का.

नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम ३३ बघा. दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीसाठी दाखल करायचा असेल आणि अधिकार देणारा माणूस भारतात राहत असेल, तर ते कुलमुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर करून, त्याने प्रमाणित केलेलं लागतं. नोटरीसमोरचं चालतं ते भारताबाहेर राहणाऱ्याच्या बाबतीत. गंमत अशी की या कुटुंबाला सगळं नेमकं उलटं हवं होतं. गावात असलेल्या आईच्या कागदावर नोटरीचा शिक्का, जो सब-रजिस्ट्रार विचारात घेणार नाही. आणि मस्कतमधल्या भावाच्या कागदावर इथल्या नोटरीचा शिक्का, ज्याच्यासमोर तो कधी आलाच नाही. मुखत्याराने स्वतःच दस्त लिहून दिला असेल तर काय, यावर कोर्टाच्या निवाड्यांत बारकावे आहेत, पण तो वाद नोंदणीच्या खिडकीवर घालता येत नाही. तिथून कागद परत येतो.

चौथा : दुय्यम निबंधकांना घरी बोलावणं. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊन दस्त नोंदवण्याची सोय याच अधिनियमात आहे, कलम ३१ आणि ३८ त्यासाठीच आहेत. अर्ज, डॉक्टरांचा दाखला आणि गृहभेटीची फी एवढं लागतं. कलम ३३ प्रमाणे कुलमुखत्यारपत्रासाठीही निबंधक घरी येऊ शकतात. पण ते घरी येणारच असतील तर कुलमुखत्यारपत्र कशाला? बाईंनी खरेदीखतावरच सही करावी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपतं. ८१ वर्षांची, नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई. मधल्या आठ दिवसांत काही बरंवाईट झालं असतं, तर थोरल्यांनी त्यानंतर केलेलं खरेदीखत कागदाच्या किमतीचंही राहिलं नसतं आणि खरेदीदाराचं कर्ज मात्र चालू झालं असतं.

पाचवा पर्याय थांबण्याचा. बाई दोन-तीन महिन्यांत वॉकर घेऊन चालू लागतील, मग कचेरीत नेता येईल. हा पर्याय मी बोलून दाखवला आणि थोरल्यांच्या चेहऱ्याकडे बघून लगेच मागे घेतला.

काय केलं

मी शिक्का मारला नाही. कागद परत दिला आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी घरी येते. बाईंशी बोलते. मग काय करायचं ते ठरवू." थोरले नाराज होऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, "बाकी कुणी इतकं विचारत नाही हो."

दुसऱ्या दिवशी सहाला गेले. बाई पलंगावर टेकून बसलेल्या, चष्मा लावून पेपर वाचत. गुंगी वगैरे काही नाही. मी ओळख सांगितली तर पहिला प्रश्न त्यांचाच : "तू कुणाची गं?" माहेरचं नाव सांगितलं. "म्हणजे तुझा काका माझ्या वर्गात. पाढे कधी पाठ झाले नाहीत त्याचे."

थोरल्यांना आणि सूनबाईंना मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. हे सांगताना दर वेळी अवघड वाटतं. ज्यांनी चहा ठेवलाय त्यांनाच खोलीबाहेर काढायचं. पण घरातलं माणूस दारात उभं असताना म्हातारं माणूस जे बोलतं, ते पुष्कळदा दाराकडे बघून बोलतं.

असं विचारायचं नसतं की "प्लॉट विकायचाय ना? मुलाला अधिकार दिलेत ना?" अशा प्रश्नांना "हो" हे एकच उत्तर येतं आणि त्यातून काही कळत नाही. मी विचारलं, प्लॉट कुठे आहे. बाईंनी चतुःसीमा घडाघडा म्हणून दाखवली, पूर्वेस रस्ता, दक्षिणेस कुंभारांचं घर, अगदी दस्तात लिहितात त्या क्रमाने. कधी घेतला, किती पैसे काढले होते, तेही सांगितलं. मग विचारलं, आता काय करायचं ठरलंय?

"विकायचा. मी असताना विकलेला बरा, नाहीतर हे तिघं भांडतील."

"किती रुपयांना?"

बाई थांबल्या. "ते नाही सांगितलं मला. बाजारात जो भाव चाललाय तोच, म्हणाला."

"आणि पैसे कुणाच्या खात्यावर?"

"माझ्याच ना? प्लॉट माझा आहे."

मी कुलमुखत्यारपत्रातल्या मोबदला स्वीकारण्याच्या कलमाबद्दल सांगितलं. अंगठा घेतला तेव्हा कागद कशाचा आहे हे त्यांना सांगितलं होतं, हे त्यांनी स्वतःहून मान्य केलं. रकमेचं आणि खात्याचं मात्र कुणी बोललं नव्हतं. शेवटी मी वही पुढे करून म्हटलं, सही करून दाखवता का? उजवा हात थोडा थरथरला. पहिली सही रेषेखाली घसरली, दुसरी बरी आली, तिसरी पॅन कार्डावरच्यासारखीच. "सहीला कुणी विचारलंच नाही बघ," बाई म्हणाल्या. "सगळे आपले शाईचा पॅड घेऊन येतात."

थोरल्यांना आत बोलावलं. ते दुष्ट नव्हते, हे इथे लिहिलंच पाहिजे. दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं होतं, पावत्या दाखवल्या. इसाराचे पैसे त्यातच गेले होते. आईला आकडा सांगितला नाही, कारण "ती धाकटीला सांगेल आणि मग फोन सुरू होतील". अशी भीती कुठल्या घरात नसते? मी म्हटलं, दवाखान्याचा खर्च आईच्या पैशातून वळता करायचा तर आईने चेक लिहावा, हिशोब कागदावर राहील. बाई म्हणाल्या, "लिहीन की. बिलं आण."

मग मी चौथा पर्याय मांडला. डॉक्टरांचा दाखला, दुय्यम निबंधक कार्यालयात गृहभेटीचा अर्ज, खरेदीखतावर बाईंची स्वतःची सही, रक्कम बाईंच्या खात्यावर. मधल्या भावासाठी दोन मार्ग सांगितले. एक, मस्कतच्या भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही. दुसरा, तिथे नोटरी करून तिथल्या सरकारचं अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशातही मान्य व्हावा यासाठीचं प्रमाणपत्र, कारण भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि ओमानही आहे. त्याच दमात हेही सांगितलं, की मिळकत आईची स्वकष्टार्जित असल्यामुळे मुलांची संमती कायद्याने लागत नाही, ती खरेदीदाराच्या वकिलांच्या समाधानासाठी आहे. हे दुसरं वाक्य कुणाच्याच कानात शिरलं नाही.

निघताना मला बरं वाटत होतं. थोरले मात्र सगळा वेळ भिंतीतल्या कपाटाकडे बघत होते, हे मला नंतर आठवलं.

पाच दिवसांनी खरेदीदाराच्या वकिलांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही गृहभेटीचं म्हणताय, पण माझ्याकडे तर नोटरी झालेलं कुलमुखत्यारपत्र आलंय." थोरल्यांनी माझ्याकडून निघाल्यावर त्याच दुपारी जिल्ह्याच्या गावी जाऊन, दुसऱ्या एका नोटरीकडून तोच कागद, त्याच अंगठ्यासह, साक्षांकित करून घेतला होता. शिक्का अगदी नियमाप्रमाणे, पाच सेंटिमीटर व्यासाचा, सही, तारीख, रजिस्टर क्रमांक, तिकीट, सगळं जागच्या जागी. वर वाक्य : "माझ्यासमोर करून दिले." मी घरी गेले त्या संध्याकाळी तो कागद कपाटात होता आणि थोरल्यांना सांगायची लाज वाटत होती.

वकिलांनी तो दुय्यम निबंधक कार्यालयात दाखवून पाहिला आणि तिथे सांगायचं ते सांगण्यात आलं : हा इथे चालणार नाही. त्यामुळे तरी सगळे चौथ्या पर्यायावर आले. माझ्या समजावण्यापेक्षा त्या खिडकीवरच्या नकाराचं वजन जास्त होतं.

एक काम मात्र वाढलं. ते कुलमुखत्यारपत्र कागदावर जिवंत होतं. नोंदणीला चालत नसलं तरी इसार घ्यायला, बँकेत दाखवायला, आणखी कुणाशी साठेखत करायला ते वापरता आलं असतं. म्हणून मूळ प्रत परत मागवली, आणि बाईंनी रद्दपत्र करून दिलं. ते मी साक्षांकित केलं, त्यांच्या पलंगाशी बसून, माझ्या रजिस्टरात त्यांची सही घेऊन. रद्द केल्याची सूचना मुखत्याराला द्यावी लागते. ती रजिस्टर पोस्टाने पाठवली, त्याच घरातल्या थोरल्यांना, त्याच घराच्या पत्त्यावर. पोस्टमनने ती बाईंच्याच हातात ठेवली आणि बाईंनी मुलाला हाक मारून, सही करून घ्यायला लावली.

निष्पत्ती

पाडवा हुकला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुय्यम निबंधक घरी आले. खरेदीखत वाचून दाखवलं, बाईंनी मधे थांबवून शुद्धलेखनाची एक चूक काढली. प्रत्येक पानावर सही केली, त्याला पाऊण तास लागला. नोंदणीच्या पद्धतीप्रमाणे फोटो आणि अंगठाही घेतला गेला. "शेवटी अंगठा घेतलाच," बाई म्हणाल्या, पण या वेळी आधी सही झाली होती. रक्कम त्यांच्या खात्यावर जमा झाली. थोरल्यांना दवाखान्याच्या खर्चाचा चेक मिळाला, इसाराची रक्कम त्यात वळती करून.

खरेदीदार आठ-दहा दिवसांच्या उशिरामुळे कुरकुरला, पण त्याच्या वकिलांना विक्रेतीची स्वतःची सही असलेला दस्त मुखत्यारामार्फत केलेल्या दस्तापेक्षा कितीतरी बरा वाटला, आणि ते खरंच होतं. मस्कतहून वकिलातीचा शिक्का असलेलं संमतीपत्र खरेदीखतानंतर नऊ दिवसांनी कुरियरने पोचलं. त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

धाकटीला सगळा प्रकार नंतर कळला. ती रागावली ती भावावर नाही, माझ्यावर. "तुम्ही आईशी एवढं बोललात, मग मला एक फोन का नाही केला?" नोटरीने पक्षकाराच्या मुलीला फोन करायचा नसतो, हे उत्तर बरोबर आहे. तिला ते पटलं नाही, आणि मीही फार जोर दिला नाही.

बाईंनी मृत्युपत्राचं विचारलं, ते नोटरी करावं लागतं का? मी सांगितलं, नोटरी सक्तीची नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, त्यांनी तुमची सही पाहिलेली असावी किंवा सही आपली असल्याचं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं, आणि तुमच्यासमोर त्यांनी सह्या केलेल्या असाव्यात. माझा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. त्यांनी चौथीच्या वर्गातल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. दोघेही आता साठीच्या पुढचे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझीच, आणि ती एका प्रश्नाची आहे. त्या संध्याकाळी मी बाईंना इतकं विचारलं, पण थोरल्यांना "तो कागद आता कुठे आहे?" हे विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खोटं बोलले नसते असं मला वाटतं. पाच दिवस वाचले असते, कदाचित पाडवाही साधला असता.

दुसरं, टेबलावर दिलेल्या नकाराची मी कुठेही नोंद केली नाही. रजिस्टर केलेल्या कामाचं असतं, न केलेल्या कामाचं नसतं. पण माझी रोजची डायरी होती. त्यात तारीख, वेळ, कोण आलं, कागदावर आधीच अंगठा होता, करून देणारी व्यक्ती हजर नव्हती म्हणून परत दिला, एवढ्या दोन ओळी लिहायला मिनिट लागलं नसतं. प्रकरण कोर्टात गेलं असतं तर बाईंच्या बाजूने बोलणारा तेवढाच एक समकालीन पुरावा असता. आता मी तशी वही ठेवते. मार्चमध्ये तिची पानं भराभर भरतात.

तिसरं, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की शिक्का मिळाला तरी याने नोंदणी होणार नाही. मी आधी "हे मी करणार नाही" म्हणाले आणि "याने तुमचं काम होणार नाही" दुसऱ्या दिवशी. क्रम उलटा हवा होता. माझा नकार थोरल्यांना माझा हट्ट वाटला, आणि हट्टावर उपाय म्हणजे दुसरं टेबल. कलम ३३ आधी सांगितलं असतं तर जिल्ह्याच्या गावी जाण्याचं कारणच उरलं नसतं. ओळखीच्या माणसाशी बोलताना आपण तत्त्व आधी सांगतो आणि व्यवहार नंतर. समोरच्याला ते नको असतं.

डॉक्टरांच्या दाखल्याचंही तसंच. बाई शुद्धीवर आणि समजून-उमजून बोलत आहेत, हे मी पाहिलं, पण माझं पाहणं म्हणजे वैद्यकीय दाखला नाही. भेटीला जातानाच घरच्या डॉक्टरांना सोबत यायला सांगितलं असतं, तर गृहभेटीच्या अर्जाला लागणारा कागद त्याच दिवशी हातात असता. तो मिळायला नंतर चार दिवस गेले.

एक निर्णय मला अजून सुटलेला नाही. त्या दुसऱ्या नोटरीविरुद्ध तक्रार करावी का? नोटरी नियम १९५६ मध्ये त्याची पद्धत आहे, विहित नमुन्यात सरकारकडे अर्ज द्यायचा, मग चौकशी. मी बाईंना हा मार्ग सांगितला. त्या म्हणाल्या, तक्रार केली की तो कागद पोराने नेला हेही लिहावं लागेल ना? लिहावं लागलं असतं. त्यांनी नको म्हटलं. मी स्वतः तक्रार करू शकले असते, पण ज्या पक्षकाराच्या हितासाठी करायची तीच नको म्हणते, तेव्हा माझी लेखणी उचलली गेली नाही. यात पक्षकाराचा मान राखणं किती आणि एकाच पेशातल्यांनी एकमेकांना सांभाळून घेणं किती, हे मला प्रामाणिकपणे वेगळं करता येत नाही.

बाई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. त्या दुसऱ्या नोटरीचं रजिस्टर मी अजून पाहिलेलं नाही. त्या दुपारच्या क्रमांकासमोर, करून देणाऱ्याच्या रकान्यात, कुणाचा तरी अंगठा असणार.